लॅपटॉपचं ग्राफिक्स वाढवायचंय? आधी रॅमचा दुसरा स्लॉट बघा

"काका, यात ग्राफिक कार्ड टाकून मिळेल का?"

शेजारच्या काकूंची मुलगी लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी होती. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवलं की स्क्रीन गोठते, ऑटोकॅडमध्ये मोठं ड्रॉइंग झूम केलं की रेषा मागून धावत येतात, आणि सबमिशन पंधरा दिवसांवर आलेलं. एका दुकानात तिला सांगितलं होतं की चार हजारांत 'दोन जीबीचं ग्राफिक' वाढवून देऊ. पैसे देण्याआधी ती माझ्याकडे आली, हे फार बरं झालं.

इंदूरमध्ये लॅपटॉप दुरुस्तीचं काम करताना हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. भंवरकुव्याच्या होस्टेलमधली मुलं विचारतात, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे विचारतात, नातवाला गेम चालत नाही म्हणून आजोबा विचारायला येतात. लोकांचे पैसे नको तिथे जातात आणि जिथे थोड्या पैशांत खरंच फरक पडला असता तिथे कुणी बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून मी ज्या क्रमाने लॅपटॉप तपासतो, त्याच क्रमाने सगळं लिहून काढतोय.

चिप बदलता येत नाही, आणि त्याचं कारण

वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या अशा लॅपटॉपमध्ये जे असतं त्याला इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. हा वेगळा सुटा भाग नसतो. तो प्रोसेसरच्याच आत असतो. पूर्वी तो मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असायचा. २०१० मध्ये इंटेलने तो प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आणला आणि २०११ च्या जानेवारीत सँडी ब्रिज प्रोसेसर आले तेव्हा प्रोसेसर आणि ग्राफिक्स सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर कोरले गेले. एएमडीनेही त्याच वर्षी एपीयू या नावाने तेच केलं. त्यामुळे ग्राफिक्स बदलायचं तर पूर्ण प्रोसेसर बदलावा लागतो, आणि आजच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डवर कायमचा सोल्डर केलेला असतो. त्याच्या पोटाखाली शेकडो बारीक टाके असतात. ते काढून दुसरा बसवणं हे घरी करण्याचं काम नाही, आणि ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडूनही करून घेण्यात शहाणपणा नाही. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, त्या नव्या प्रोसेसरला ओळखेलच याची खात्री नसते.

"पण माझ्या जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर तर सॉकेटमधून निघतो," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०१३-१४ पर्यंत, बऱ्याच लॅपटॉपमध्ये सॉकेट असायचं. पण त्या सॉकेटमध्ये बहुधा त्याच पिढीचा प्रोसेसर बसतो. चौथ्या पिढीच्या सॉकेटवाल्या आय३ मध्ये एचडी ४६०० ग्राफिक्स, आय५ मध्ये तेच, आय७ मध्येही तेच. प्रोसेसर बदलून हिशेब करण्याचा वेग वाढेल, ग्राफिक्स जिथल्या तिथे राहील.

वेगळं कार्ड आत बसवायचं म्हटलं तर त्यासाठी जागाच नसते. डेस्कटॉपमध्ये कार्डाचा लांब स्लॉट असतो, लॅपटॉपमध्ये तो नसतो. काही जाडजूड गेमिंग लॅपटॉपमध्ये आणि वर्कस्टेशनमध्ये एमएक्सएम नावाचं निघणारं कार्ड यायचं. पण ज्या लॅपटॉपमध्ये मुळात फक्त इंटिग्रेटेड ग्राफिक्स आहे, त्यात ते सॉकेट बहुधा नसतंच. फ्रेमवर्क लॅपटॉप १६ सारखं एखादं मॉडेल मागच्या बाजूने ग्राफिक्सचं मॉड्यूल बदलू देतं, पण ते तसं मुळापासूनच बनवलेलं आहे. राहिला प्रश्न त्याच मॉडेलचा कार्डवाला मदरबोर्ड आणून टाकण्याचा. काही जण ते करून देतात. मात्र त्याबरोबर हीटसिंक, फॅन, जास्त वॅटचा चार्जर, कधी खालचं कव्हरसुद्धा बदलावं लागतं. एवढ्या खर्चात जुना विकून कार्डवाला वापरलेला लॅपटॉप घेणं मला जास्त पटतं.

मग 'दोन जीबी ग्राफिक वाढवून देतो' म्हणजे काय करतात?

हे नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी लोक फसतात. विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे त्याच्या अंतर्गत नोंदवहीत, एक आकडा असतो. तो बदलला की काही गेम्सना आणि सॉफ्टवेअरना 'या मशीनमध्ये इतकी ग्राफिक्स मेमरी आहे' असं दिसतं. प्रत्यक्षात एक बाइटसुद्धा वाढलेला नसतो. एक गेम मेमरी कमी आहे म्हणून सुरूच होत नसेल तर त्याची समजूत घालायला हा आकडा कामी येतो, एवढाच त्याचा उपयोग. माझ्याकडे एक मुलगा असाच लॅपटॉप घेऊन आला होता. पैसे भरून महिना झाला होता आणि गेम सुरू होऊन पहिल्याच मिनिटाला बंद पडत होता. कोणत्या दुकानात केलं ते इथे लिहीत नाही. मी तो आकडा पुसला आणि त्याला समोर बसवून खरी मेमरी किती आहे ते दाखवलं.

खरी अडचण कुठे असते

वेगळ्या ग्राफिक कार्डावर त्याची स्वतःची वेगवान मेमरी असते. इंटिग्रेटेड ग्राफिक्सकडे अशी स्वतःची मेमरी नसते. ते लॅपटॉपच्या रॅममधूनच घेतं, आणि त्याच रॅममधून प्रोसेसरही घेत असतो.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी येतं तेव्हा घरोघरी टाक्या भरून ठेवतात. टाकी हजार लिटरची असो की दोन हजारांची, खाली तोटी अर्धीच उघडी असेल तर बादली भरायला तेवढाच वेळ लागणार. रॅम किती जीबी आहे हा झाला टाकीचा आकार. ग्राफिक्सला मुख्यतः हवी असते ती धार, म्हणजे बँडविड्थ. आणि धार रॅमच्या वेगावर आणि ती किती रांगांमधून, म्हणजे चॅनलमधून, येते यावर ठरते. रॅमची एकच स्टिक असेल तर एकच चॅनल चालतो, दोन असतील तर दोन्ही.

आकड्यांत सांगतो. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या. डीडीआर४ ची ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते. दोन स्टिक लावल्या की ५१.२ जीबी. २४०० वेगाची एक स्टिक तर १९.२ वरच थांबते. डीडीआर५ ची ४८०० वेगाची एक स्टिक ३८.४ देते, दोन मिळून ७६.८. तुलनेला जीटीएक्स १६५० सारखं साधं कार्ड घ्या. त्याच्या स्वतःच्या जीडीडीआर५ मेमरीचा वेग सेकंदाला १२८ जीबी आहे, आणि त्यात प्रोसेसरचा वाटा नाही.

आता ऑटोकॅडची गंमत बघा. ऑटोकॅडच्या सिस्टिम रिक्वायरमेंटमध्ये ग्राफिक्ससाठी किमान बँडविड्थ लिहिलेली असते, सेकंदाला २९ जीबी. म्हणजे डीडीआर४ ची ३२०० ची एकच स्टिक असलेला लॅपटॉप या किमान अटीतच बसत नाही, आणि तोच लॅपटॉप दुसरी स्टिक टाकल्यावर आरामात बसतो. चिप तीच, लॅपटॉप तोच. माझ्या अनुभवात आर्किटेक्चर आणि सिव्हिलच्या मुलांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच निघतं. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये कंपन्या ८ जीबीची एकच स्टिक लावून देतात आणि दुसरा स्लॉट रिकामा सोडतात.

झाकण उघडण्याआधी: पाच मिनिटांची तपासणी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जा आणि मेमरीवर क्लिक करा. खाली उजवीकडे तीन ओळी वाचा. स्पीड, स्लॉट्स यूज्ड आणि फॉर्म फॅक्टर. 'स्लॉट्स यूज्ड' समोर दोनपैकी एक आणि 'फॉर्म फॅक्टर' समोर सोडिम (म्हणजे काढता-घालता येणारी स्टिक) लिहिलं असेल, तर तुमचं काम सोपं आहे. फॉर्म फॅक्टरला 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे. पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर प्रकारची रॅम असेल तर ती बहुतेक वेळा सोल्डरच असते आणि सहसा आधीपासून दोन्ही चॅनलच्या पूर्ण रुंदीने जोडलेली असते. तिथे आपल्याला करण्यासारखं काही नाही, थेट बायोसच्या भागापासून वाचा.

टास्क मॅनेजर कधी कधी चुकीचं सांगतो, विशेषतः थोडी रॅम सोल्डर आणि थोडी स्टिकमध्ये असते तेव्हा. म्हणून सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि त्याच्या मेमरी टॅबमध्ये चॅनल्ससमोर काय लिहिलंय ते बघा. सिंगल किंवा ड्युअल असं दिसेल. डीडीआर५ मध्ये प्रत्येक स्टिकचे आतून दोन भाग असतात, त्यामुळे एका स्टिकला दोन गुणिले ३२ बिट आणि दोन स्टिकना चार गुणिले ३२ बिट असं दिसतं. दोन गुणिले दिसलं म्हणून ड्युअल समजून निश्चिंत होऊ नका.

मग टास्क मॅनेजरमध्येच जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, क्लिक करा आणि उजवीकडे वर लिहिलेलं नाव वाचा. इंटेलच्या ११व्या आणि १२व्या पिढीचे बरेच आय५ आणि आय७ आयरिस एक्सई ग्राफिक्स घेऊन आले. पण इंटेलची अट अशी की रॅम ड्युअल चॅनल असेल तरच ते नाव मिळतं. एकच स्टिक असेल तर तोच लॅपटॉप स्वतःला नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणवतो. काकूंच्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये ११व्या पिढीचा आय५-११३५जी७ होता, ज्यात ग्राफिक्सचं काम करणारे ८० छोटे भाग (एक्झिक्युशन युनिट्स) आहेत, आणि स्क्रीनवर नाव होतं यूएचडी. तिथेच मला अर्धं उत्तर मिळालं. आय३ वाल्यांनी मात्र नाव बदलण्याची वाट बघू नये. त्यांचं ग्राफिक्स मुळातच यूएचडी नावाचं असतं, पण दुसऱ्या स्टिकचा फायदा त्यांनाही होतो.

जाता जाता, तुमचं सॉफ्टवेअर चालू ठेवून जीपीयूचा आलेखही बघा. अडकण्याच्या क्षणी तो १०० टक्क्यांच्या जवळ असेल तर दोष ग्राफिक्सचा. आलेख तळाशी असेल आणि मेमरी किंवा डिस्क भरलेली असेल, तर कितीही चांगलं ग्राफिक्स आणलं तरी फरक पडणार नाही. हार्ड डिस्कवर चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपमध्ये आधी एसएसडी टाका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

रॅम विकत घेताना

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. खाच वेगवेगळ्या जागी असते, आणि जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटतो. जुन्या लॅपटॉपमध्ये आणखी एक भेद असतो. डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते आणि साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर. लॅपटॉपला 'एल' लागत असेल तर 'एल'च घ्या.

आत जितक्या जीबीची आहे तितक्याच जीबीची आणि त्याच वेगाची दुसरी घ्यावी. ८ ला ८. अशी जोडी मिळाली नाही तरी बिघडत नाही. ८ बरोबर ४ लावली तर पहिले ४ आणि ४ मिळून दोन चॅनलवर चालतात आणि उरलेले ४ एका चॅनलवर. वेग वेगळे असतील तर दोन्ही कमी वेगाच्या स्टिकवर येतात. जास्त वेगाची रॅम घेऊन फायदा होईल असं वाटतं, पण लॅपटॉपचा प्रोसेसर आणि बायोस जितका वेग मान्य करतील तितकाच मिळतो. तो आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मॉडेलचं पूर्ण नाव लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवरून घ्या आणि ते मॅन्युअल डाउनलोड करा.

इंदूरमध्ये रॅम घ्यायला बहुतेक जण आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉललाच जातात. जाताना जुनी स्टिक काढून नेऊ नका, तिच्या स्टिकरचा स्वच्छ फोटो न्या. वाटेत खिशात स्टिक वाकते, घामाचा हात लागतो. भाव रोज बदलतात, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारा. बिल घ्या, आणि वॉरंटी कोण देणार, दुकान की कंपनी, हे त्या बिलावर लिहून घ्या.

रॅम बसवताना

वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा की झाकण उघडलेलं चालतं का. काही मॉडेल्समध्ये चालतं, काहींवर सील असतं.

विंडोज पूर्ण बंद करा. नुसतं स्लीप नाही, आणि शटडाउनचं बटण दाबताना शिफ्ट दाबून ठेवा म्हणजे खरंच बंद होतो. चार्जर काढा. टेबलावर जाड टॉवेल पसरून लॅपटॉप उलटा ठेवा. स्क्रू काढताना एक कागद घ्या, त्यावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. हे मी पंधरा वर्षांनंतरही करतो. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर वरच्या कीबोर्डला फुगवटा येतो किंवा मदरबोर्डला भोक पडतं. काही लॅपटॉपमध्ये रबरी पट्टीखाली दोन स्क्रू लपलेले असतात. झाकण निघत नसेल तर ओढू नका, आधी ते शोधा. मग जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवत सरकवत झाकण सोडवा. पेचकसाने उचकटलं की कडा कायमच्या खरवडतात.

झाकण निघाल्यावर पहिलं काम, बॅटरीचा कनेक्टर सोडवा. मगच बाकीच्याला हात लावा. अंगातली स्टॅटिक वीज घालवायला नळाला किंवा एखाद्या उघड्या लोखंडी वस्तूला हात लावून या.

मुलीच्या लॅपटॉपमध्ये जुनी रॅम एका पातळ काळ्या कागदाखाली होती आणि तिच्या शेजारी दुसरा स्लॉट अगदी कोरा, आत बारीक धूळ बसलेला. तिला मी म्हटलं, तूच बसव. नवी स्टिक कडेला धरून खाच जुळवायची, साधारण तीस अंशांत तिरपी आत सारायची. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. ती अर्धी बाहेर राहिली होती, मी म्हटलं, अजून थोडी. मग दोन्ही कोपऱ्यांवर अंगठ्याने खाली दाबलं आणि दोन्ही बाजूंचे चिमटे 'टक्' करून बसले. तो आवाज एका बाजूने आला आणि दुसरीकडून आला नाही, तर स्टिक काढून पुन्हा बसवा. निम्मे 'नवी रॅम खराब निघाली' म्हणणारे फोन इथून येतात.

बॅटरी जोडा, झाकण नुसतं ठेवा, स्क्रू नंतर. चार्जर लावून चालू करा. पहिल्यांदा स्क्रीन काळी राहील. घाबरून बटण दाबून बंद करू नका. मशीन नव्या रॅमची ओळख करून घेत असतं, त्याला डीडीआर५ मध्ये कधी कधी काही मिनिटं लागतात. आमची स्क्रीन पाऊण मिनिट काळी होती आणि ती मुलगी श्वास रोखून बसली होती.

विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडला. मेमरी १६ जीबी, स्लॉट दोनपैकी दोन. जीपीयूवर क्लिक केलं आणि नाव आलं, आयरिस एक्सई. तिने लगेच स्केचअप उघडलं. छपराची कौलं, जिना, अंगणातलं झाड, सगळं तेच मॉडेल माउसबरोबर फिरायला लागलं. ऑटोकॅडमधल्या रेषाही जागच्या जागी उमटायला लागल्या.

नंतर स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून एकदा चालवा. रॅममध्ये दोष असेल तर दुकानात बदलून मिळण्याच्या मुदतीतच कळलेला बरा.

बायोसमधला आकडा

टास्क मॅनेजरमध्ये 'डेडिकेटेड' ग्राफिक्स मेमरी १२८ एमबी दिसते आणि लोक हबकतात. तो फक्त आरंभी राखून ठेवलेला तुकडा आहे. त्याखेरीज गरज पडेल तसं विंडोज साधारण निम्म्या रॅमपर्यंत ग्राफिक्सला वापरू देतं. त्याला 'शेअर्ड' म्हणतात. १६ जीबी रॅम असेल तर जवळपास ८ जीबी.

एएमडीच्या बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर साईझ आणि इंटेलच्या काहींमध्ये डीव्हीएमटी असा पर्याय असतो. तिथून राखीव मेमरी ५१२ एमबी, १ जीबी, २ जीबी अशी करता येते. ही मेमरी रॅममधून कायमची वजा होते. ८ जीबीच्या मशीनमध्ये २ जीबी इकडे दिली तर विंडोजला सहाच उरते, आणि क्रोमचे दहा टॅब उघडणाऱ्याला ते महागात पडतं. म्हणून माझं मत असं की १६ जीबी असेल आणि एखादं सॉफ्टवेअर राखीव मेमरी कमी म्हणून अडत असेल, तरच हा आकडा वाढवा. वेग त्याने वाढत नाही.

बायोसला हात लावण्याआधी एक काम न विसरता करा. लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर आतला सगळा डेटा कुलपात अडकतो. एका सीएच्या ऑफिसचा लॅपटॉप असा अडकलेला मी पाहिलाय, रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात.

ड्रायव्हर, चार्जर आणि उन्हाळा

ड्रायव्हर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. तो जुना असेल तर इंटेल किंवा एएमडीच्या साइटवरून. कुठल्याही तिसऱ्या 'ड्रायव्हर अपडेटर'ला मशीनमध्ये शिरू देऊ नका.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग पॉवर, आणि पॉवर मोडला 'बेस्ट परफॉर्मन्स' करा. काम चार्जर लावूनच करा, आणि चार्जर मूळचाच हवा. कमी वॅटच्या चार्जरवर लॅपटॉप गुपचूप वेग कमी करतो.

उष्णतेबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि याच दिवसांत 'लॅपटॉप स्लो झाला' म्हणून माझ्याकडे रांग लागते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच तुकड्यावर असल्यामुळे विजेचं रेशनही दोघांत एकच. पातळ लॅपटॉपच्या यू मालिकेच्या बऱ्याच प्रोसेसरचं रेशन १५ वॅटच्या आसपास असतं. चिप तापली की तेही कमी होतं, आणि ग्राफिक्सचा वेग खाली येतो. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. काम करताना ते ९५ ते १०० अंशांना टेकून बसत असेल आणि वेग खाली येत असेल, तर फॅन साफ करण्याची वेळ झाली.

फॅनच्या पात्यांवरची धूळ दिसते. खरा अडसर असतो तो फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये. तिथे धुळीचा आणि केसांचा अगदी नमद्यासारखा थर बसतो, हवा पुढे जातच नाही. फॅनचे दोन-तीन स्क्रू काढून तो उचलला तरच तो थर दिसतो. ब्लोअरने बाहेरून फुंकलं तर तो आत आणखी घट्ट बसतो. ब्लोअर वापरायचाच तर फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते वेड्यासारखं फिरून बेअरिंग खराब होतं. तीन-चार वर्षं जुना लॅपटॉप असेल तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्टही बदला. आणि गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून काम करणं बंद करा, तळाची जाळी बंद होते.

गेम खेळणाऱ्यांनी एक प्रयोग करून बघावा. पॉवर प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के केली की प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे गरजेला घेतलेला जास्तीचा वेग, बंद होतो आणि वाचलेली वीज ग्राफिक्सला मिळते. काही गेम्समध्ये याने चित्र स्थिर होतं, काहींमध्ये उलट वेग घटतो. घटला तर पुन्हा १०० करा.

सॉफ्टवेअरकडून कमी काम मागा

१०८० पिक्सेलच्या चित्रात ७२० च्या सव्वादोन पट ठिपके असतात. म्हणून गेमचं रेझोल्यूशन ७२० वर आणलं तर ग्राफिक्सचं ओझं निम्म्याहून कमी होतं. गेममध्ये एएमडीचं एफएसआर, म्हणजे लहान चित्र मोठं करून दाखवणारं तंत्र, असेल तर ते चालू करा. २०२१ मध्ये आलेल्या या तंत्राच्या सुरुवातीच्या आवृत्त्या इंटेलच्या चिपवरही चालतात.

स्केचअपमध्ये सावल्या बंद ठेवा, अँटी-अलायसिंग (रेषांच्या कडा गुळगुळीत करणं) कमी करा, आणि इंटरनेटवरून घेतलेली झाडं-माणसं टॅगमध्ये (जुन्या आवृत्त्यांत लेयर) लपवून ठेवा. एकेका झाडात कधी कधी आख्ख्या घराहून जास्त रेषा असतात. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी प्रॉक्सी बनवून काम करावं. फोर-के फायलींच्या हलक्या नकला करायच्या, त्यांवर कापाकापी करायची, शेवटी मूळ फायलींवरून एक्स्पोर्ट. इंटेलच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्समध्ये व्हिडिओसाठी क्विक सिंक नावाचा वेगळा भाग २०११ पासून असतो. एक्स्पोर्ट करताना हार्डवेअर एन्कोडिंग निवडलं की तो कामाला लागतो.

बाहेरून कार्ड जोडणं

याला ईजीपीयू म्हणतात. एका पेटीत डेस्कटॉपचं कार्ड, त्याला वेगळा पॉवर सप्लाय, आणि एक केबल लॅपटॉपला. हे खरंच चालतं, पण लॅपटॉपला थंडरबोल्ट ३ किंवा त्यापुढचं थंडरबोल्ट, किंवा यूएसबी४, अशी वेगवान जोडणी हवी. यूएसबी-सीचा लंबगोल सॉकेट दिसला म्हणजे थंडरबोल्ट आहे असं नाही. आकार तोच असतो, आतली जोडणी वेगळी. सॉकेटशेजारी विजेच्या बाणाची खूण आहे का बघा, आणि खूण असली तरी कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये खात्री करा, कारण काही कंपन्या चार्जिंगलाही तशीच खूण लावतात. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये यूएसबी४ रायझन ६००० मालिकेपासून दिसायला लागलं. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर बाहेरचं ग्राफिक कार्ड म्हणून हा मार्ग बंद आहे.

थंडरबोल्ट ३ आणि ४ ची केबल सेकंदाला ४० गीगाबिटची म्हणवते, पण त्यातला कार्डाच्या वाट्याला येणारा भाग ३२ गीगाबिटच्या आसपास असतो, म्हणजे मदरबोर्ड आणि कार्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस ३ या मार्गाच्या चार लेन. डेस्कटॉपमध्ये कार्डाला सोळा मिळतात. त्यामुळे महागडं कार्ड इथे आपली पूर्ण ताकद दाखवत नाही. चित्र परत लॅपटॉपच्याच स्क्रीनवर आणलं तर आणखी घट होते, म्हणून मॉनिटर थेट कार्डाला जोडायचा.

होस्टेलमधली हौशी मुलं एसएसडीच्या एम.२ स्लॉटमधून ॲडॉप्टरने कार्ड जोडतात. त्यातही चार लेन मिळतात आणि खर्च कमी येतो. पण झाकण उघडं ठेवावं लागतं, एसएसडीसाठी दुसरा स्लॉट लागतो, आणि केबल चालू मशीनमध्ये निघाली तर नुकसान होऊ शकतं. शिकायचं म्हणून करायला माझी ना नाही. रोजच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर करू नका.

पेटी, पॉवर सप्लाय, कार्ड आणि मॉनिटर यांची बेरीज केली की बहुतेक वेळा आकडा कार्डवाल्या लॅपटॉपच्या जवळ जातो. घरी एकाच जागी बसून काम करणाऱ्याला मी वापरलेला डेस्कटॉप सुचवतो. त्याचा पॉवर सप्लाय तपासून ७५ वॅटचं, वेगळी पॉवर केबल न लागणारं जीटीएक्स १६५० त्यात टाकता येतं. पैसे कमी लागतात आणि पुढे बदलतही राहता येतं.

काही कामांना हे सगळं पुरत नाही

ल्युमियन या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र, करायचं असेल तर वेगळं कार्ड लागतंच. काकूंच्या मुलीला मी हे स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची ड्रॉइंग्ज या लॅपटॉपवर होतील, पुढच्या रेंडरसाठी कॉलेजच्या लॅबमधली मशीन वापरायची, किंवा व्ही-रेमध्ये प्रोसेसरवर रात्रभर रेंडर लावून ठेवायचा. एनव्हिडिया कंपनीच्या कूडा या प्रणालीवर चालणारी सॉफ्टवेअर्स एनव्हिडियाच्याच कार्डावर चालतात. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांनी मात्र घाईने लॅपटॉप घेऊ नये. गुगल कोलॅबवर ब्राउझरमधून ग्राफिक कार्ड फुकट वापरायला मिळतं. वेळेची मर्यादा असते, पण पहिल्या दोन सेमिस्टरचा अभ्यास त्यात होतो.

नवा लॅपटॉप घ्यायलाच निघाला असाल तर दुकानात डेमोचं मशीन चालू करून मागा. "भिया, जरा टास्क मॅनेजर खोल के दिखाओ," एवढंच म्हणा. मेमरीवर क्लिक करून स्लॉट बघा, जीपीयूवर क्लिक करून नाव बघा. एकच स्टिक असेल तर दुसरी त्याच वेळी, त्याच बिलात, दुकानदाराकडूनच टाकून घ्या आणि निघण्याआधी ते नाव पुन्हा एकदा वाचा.